दूध न्यायला कोणी आलं नाही

आधी खालच्या खिडक्या गेल्या,
मग न्हाणीघराची वरची.
दुपारी दोनला आईने दिवा लावला
आणि थोड्या वेळाने वीजही गेली.
ओखोत्स्कच्या समुद्रावरून वारा
घराला खांदा लावून उभा होता.

घरात आम्ही पाच, गोठ्यात एकेचाळीस.
घरापासून गोठा साठ पावलं.
बाबांनी ती कधीतरी धुक्यात मोजून ठेवलेली,
आता तेवढीच उपयोगाची.
पुढे केलेला हात दिसत नव्हता,
साठ मात्र साठच होती.

गाईंना वादळ कळत नाही.
पाचच्या सुमाराला कास तटतटते
नि त्या दाराकडे माना वळवून उभ्या राहतात.
जनरेटर अर्धा तास दूध काढायच्या यंत्राला,
अर्धा तास पाण्याच्या पंपाला.
घराला काही नाही.
घराला रॉकेलची शेगडी आणि तिची नळी,
भिंतीतून बाहेर तोंड काढलेली.
ती बुजली तर विष आत येतं, वासही न येता.
म्हणून दर दोन तासांनी एकाने उठायचं,
फावड्याने तेवढं तोंड मोकळं करायचं.

आईने कॅलेंडरच्या मागे पाळ्या लिहिल्या:
दहाला बाबा, बाराला रेंजी,
दोनला मी, चारला ती.
आजोबांचं नाव नव्हतं. ते रुसले.
"एक्क्याऐंशी म्हणजे काय वय झालं?"
असं म्हणत सगळ्यांच्याच पाळीला उठून बसले,
आमचे मोजे शेगडीपाशी उलटसुलट करत.

रेंजी एप्रिलमध्ये जाणार होता,
नागोयाला, मोटारींच्या कारखान्यात.
जानेवारीत जेवताना त्याने सांगितलं
तेव्हा बाबांनी लोणच्याची वाटी जवळ ओढली,
आणि तेव्हापासून दोघांमध्ये
गाई सोडून विषय नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी टाकी भरली.
न्यायला येणारी गाडी हमरस्त्यावर अडकली होती
की निघालीच नव्हती, कोण जाणे.
फोनवर सहकारी संस्थेचा माणूस माफी मागत होता,
ती अर्ध्यावर असताना फोन मेला.

बाबांनी टाकीचा नळ उघडला.
सांडलेलं दूध मी पाहिलं आहे,
पेल्यातलं, बादलीतलं, गाईने लाथ मारल्यावरचं.
पण असं नाही. पाइप हातात धरून, ठरवून,
दोन दिवसांचं दूध, अजून कोमट,
गोठ्यामागच्या बर्फात.
पांढऱ्यात पांढरं, दिसलं काहीच नाही.
थोडी वाफ आली, आणि बर्फाला एक भोक पडत गेलं,
निळसर, खोल,
खाली कोणी तहानलेलं असावं तसं.
रेंजीने टॉर्च धरला होता. उजेड हलत होता.
बाबा म्हणाले, "नीट धर."

रात्री दोनला उठले
तर दोन जोडी बूट जागेवर नव्हते.
दार कसंबसं ढकललं.
नळीपाशी दोघं, फावडं एकच.
एक खणत होता, दुसरा वाऱ्याकडे पाठ करून
त्याला आडोसा देत होता. मग अदलाबदल.
बोलले असतील तर वाऱ्याने नेलं.
मला वाटतं, बोललेच नाहीत.
मी दार लावून घेतलं.
आजोबा म्हणाले, "झालं?"
म्हटलं, "चाललंय."

चौथ्या दिवशी रस्ता उघडला.
गाडीवाला टोपी काढून इतका वाकला
की आईलाच अवघडल्यासारखं झालं,
तिने त्याला कढत सूप दिलं, वर शिव्या घातल्या वाऱ्याला.

रेंजी एप्रिलच्या सात तारखेला गेला.
बाबा बसपर्यंत गेले नाहीत,
एक गाय विणार होती. खरंच विणार होती.

त्याच आठवड्यात गोठ्यामागचा बर्फ उतरू लागला
आणि एका दुपारी त्यातून ते वर आलं,
पिवळट, दह्यासारखं, आंबूस.
मांजरं तिथून हलेनात.
बाबा फावडं घेऊन गेले, झाकायला असावं.
बराच वेळ नुसते उभे राहिले.
मग म्हणाले, "राहू दे. खाऊ देत त्यांना."